बावन्न वजा सत्तावीस

गोव्याच्या डिचोली तालुक्यातली एखादी सरकारी मराठी प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, व्हरांड्यात मध्यान्ह आहाराचे डबे, आणि तिसरीत चार मुलं. टीचर तोंडी गणित सांगते : बावन्न वजा सत्तावीस. एका मुलाचं उत्तर येतं २५. दोघांच्या वहीत ३५. चौथ्या मुलीची वही कोरीच.

गुणांच्या तक्त्यात याची नोंद होते ती अशी : एक बरोबर, तीन चूक. म्हणजे ‘वजाबाकी येते : २५ टक्के’. हा आकडा केंद्रावर जाईल, तिथून तालुक्याला, मग शिक्षण खात्याच्या मुख्यालयाला. पण टीचरला सोमवारी वर्गात काय करायचं ते त्यातून कळणार नाही. ते वहीत लिहिलेलं होतं, आणि आकडा तयार करताना नेमकं तेच पुसलं गेलं.

३५ लिहिणाऱ्या दोघांतल्या पहिल्याकडे बघा. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले : ५. दशकात ५ मधून २ गेले : ३. त्याने स्वतःपुरता एक नियम केलाय, मोठ्यातून लहान वजा करायचा, कोण वर आणि कोण खाली ते बघायचं नाही. दुसऱ्या मुलाने उसना घेतला, १२ मधून ७ नेऊन ५ आणले. फक्त दशकातून घेतलेला एक तिथून कमी करायला विसरला. त्याचंही ३५. पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच शिकवावं लागेल, काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसऱ्याला फक्त एक सवय लावायची आहे. उत्तर एकच, औषध वेगळं.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशा चुकांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की वजाबाकीतल्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम अगदी प्रामाणिकपणे पाळत असतं. संगणकाच्या कार्यक्रमात जशी ‘बग’ असते तशी ती खोट. नियम सापडला की त्या मुलाचं पुढचं चुकीचं उत्तरही आधी सांगता येतं. मग प्रश्न निवडण्याची रीतच बदलते. ५२ − २७ हे गणित निदानाला निरुपयोगी, कारण २ आणि ७ मध्ये पाचाचं अंतर आहे आणि म्हणून दोन्ही बग एकाच उत्तरावर येऊन मिळतात. त्याऐवजी ४३ − १७ द्या. बरोबर उत्तर २६. मोठ्यातून लहान नेणारा लिहील ३४, एक कमी करायला विसरणारा ३६. एकाच गणितात दोघे वेगळे झाले, जादा चाचणीची गरज नाही. (मी स्वतः हे पाचाच्या अंतराचं गणित कागदावर चारदा करून बघितलं तेव्हा पटलं. तुम्हीही करून बघा.)

राहिली कोरी वही. ती मुलगी घरी कन्नड बोलते असं धरू. गोव्याच्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये कामानिमित्त आलेल्या कुटुंबांची मुलं बरीच असतात. कन्नडमध्ये ५२ म्हणजे ऐवत्तेरडु, आधी पन्नास मग दोन. २७ म्हणजे इप्पत्तेळु, आधी वीस मग सात. जसं ऐकायचं तसं डावीकडून लिहायचं. मराठीत आणि कोंकणीत उलटा कारभार : सत्तावीसमध्ये सात आधी ऐकू येतो. तिने ऐकल्याप्रमाणे मनात २५ आणि ७२ मांडले, पंचवीसातून बहात्तर जात नाहीत हे तिला नीट कळतं, म्हणून ती थांबली. तिची वजाबाकी कच्ची नाही, उलट चौघांतली सगळ्यात शहाणी कदाचित तीच. गणित फळ्यावर अंकांत लिहून दिलं असतं तर तिने सोडवलंही असतं.

२०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पाठ्यपुस्तकाच्या समितीवरच्या गणितज्ञ मंगला नारळीकरांना त्यापायी खूप बोलणी खावी लागली. भाषेच्या अभिमानाचा मुद्दा बाजूला ठेवू. पण कोणत्या मुलाला आकडे उलटे लिहिण्याची अडचण आहे आणि कोणाला नाही, हे वर्गनिहाय मोजून बघितलं असतं तर निम्मा वाद आपोआप मिटला असता असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आता टक्केवारीकडे वळू, कारण तिचा खरा घोटाळा गोव्यासारख्या ठिकाणी होतो. मुक्तीनंतर, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना, वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. त्यांतल्या बऱ्याच शाळांचा पट आज वीसच्याही आत आहे. पहिली ते चौथी मिळून दहा मुलं असली तर एका मुलाची किंमत दहा टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की शाळेचा निकाल ‘दहा टक्क्यांनी घसरतो’.

नुसतं नाणं उडवून पाहू. समजा दहा मुलांच्या शाळा पुष्कळ आहेत, आणि सगळीकडे शिकवणं अगदी एकसारखं. प्रत्येक मुलाला उतारा वाचता येण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तरीही शंभरातल्या साधारण १७ शाळांत सात किंवा त्याहून जास्त मुलं वाचणारी निघतील, आणि दुसऱ्या १७ शाळांत तीन किंवा त्याहून कमी. म्हणजे एक तृतीयांश शाळा निव्वळ योगायोगाने ‘आदर्श’ किंवा ‘मागास’ ठरतील. हीच चाचणी शंभर मुलांच्या शाळांत घेतली तर सत्तर टक्के किंवा त्याहून वर जाणाऱ्या शाळा लाखात चारच्या आसपास. संख्या लहान की सरासरी जास्त हेलकावते. हे अब्राहम द म्वाव्र या गणितज्ञाने अठराव्या शतकात सूत्रात मांडलं : हेलकावा मुलांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. शंभरपट मुलं, तर हेलकावा दहावा हिस्सा.

हे माहीत नसलं की पैसा चुकीच्या दिशेला जातो. अमेरिकेत उत्तम निकालाच्या यादीत लहान शाळा फार दिसतात हे पाहून मोठ्या शाळा फोडून लहान करण्याची मोहीम निघाली; गेट्स फाउंडेशनने तिला भरपूर पैसा दिला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या १६६२ शाळांचे पाचवीचे निकाल तपासले. सर्वांत वरच्या ५० शाळांत सर्वांत लहान ५० पैकी ६ होत्या, जिथे योगायोगाने एखाद-दुसरी असायला हवी. पण तळाच्या ५० मध्येही त्याच लहान शाळांतल्या ९ सापडल्या. तळाकडे कोणी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे उलटं चालतं : पट कमी आणि निकालही खाली दिसला, की शाळा बंद करायला कारण मिळतं. पट कमी असणं हे कारण असू शकतं, त्यावर वाद घाला. पण सहा मुलांच्या निकालाचा पुरावा त्यात आणू नका.

मोठ्या संख्येचं तसं नाही. ‘असर’ या घरोघरच्या पाहणीत २०२४ साली देशातल्या जवळजवळ १८ हजार खेड्यांतली साडेसहा लाखांच्या आसपास मुलं तपासली गेली. तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, कोविडच्या बंदनंतर, हाच आकडा २०.५ होता. इथे जवळजवळ सात टक्क्यांचा फरक म्हणजे खरंच काहीतरी घडलंय. देशाचा विचार टक्क्यांत करा. वाड्यावरच्या शाळेचा विचार नावानिशी.

नावानिशी विचार कसा करायचा ते मला माझ्या मावशीच्या हजेरीपटात दिसलं. ती बार्देश तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत बाई होती. एका महिन्यात शाळा २४ दिवस भरली. दोन मुलांची हजेरी २० दिवस. शेवटच्या रकान्यात दोघंही सारखे. पण आडवं वाचलं तर एकाच्या चार गैरहजेऱ्या सलग : ताप. दुसऱ्याच्या चारही शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. आई भाजी घेऊन बसायची, धाकट्याला सांभाळायला हा जायचा. बेरजेच्या रकान्यात ही गोष्ट कधीच दिसली नसती. मावशीने मुलाच्या आईला बोलणी ऐकवली नाहीत. तिने नवा धडा शुक्रवारी सुरू करणं बंद केलं. शुक्रवारी उजळणी, चित्रकला, कविता. हाही ‘डेटा’वरून घेतलेला निर्णयच, फक्त तिला तो शब्द माहीत नव्हता.

अशाच आणखी काही बारीक नोंदी असतात. पुस्तकातून उतरवताना मूल चुकत नाही, फळ्यावरून उतरवताना चुकतं : त्याला शिकवणीची नाही, डोळे तपासून घेण्याची गरज आहे. एवढं कळायला संगणक लागत नाही.

मुलांचे गट पाडताना मात्र जपावं लागतं. जूनमध्ये वाचनाची चाचणी घेतली, सगळ्यात मागची तीन मुलं निवडली, त्यांना रोज एक तास जादा दिला. चतुर्थीच्या सुट्टीआधी पुन्हा चाचणी, आणि तिघंही पुढे सरकलेली. सगळे खूश. पण जूनमध्ये त्यांतलं एखादं मूल त्या दिवशी नुसतंच घाबरलेलं असेल, तर ते काहीही न करता वर आलंच असतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे दाखवलं होतं : टोकाचं माप पुढच्या खेपेला मधल्या मापाकडे झुकतं. म्हणून एका चाचणीवर मुलाला ‘मागे’ ठरवायचं नाही; आठवड्याच्या अंतराने दोनदा बघायचं.

मोठ्या प्रयोगात यावर उपाय चिठ्ठ्या टाकून केला जातो. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. मागे पडलेल्या मुलांना त्या मूळ अक्षर-अंकांपासून शिकवत. कुठल्या शाळेत ती तिसरीला मिळायची आणि कुठे चौथीला, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडत काढून ठरवलं. त्यामुळे ‘आपोआप वर येणं’ दोन्हीकडे सारखंच, आणि उरलेला फरक बालसखीचा. फरक पडला होता. या धर्तीच्या कामासाठी बॅनर्जी आणि दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे यातूनच इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवण्याची पद्धत रुळली : अक्षर ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, गोष्ट वाचणारे एकत्र, मग ते दुसरीतले असोत की चौथीतले. शहरातल्या शाळेला यासाठी वेळापत्रक मोडावं लागतं. आपल्या एकशिक्षकी शाळेत चारही इयत्ता एकाच खोलीत बसतात, तिथे हे नुसत्या चटया हलवून होतं. शाळा लहान असण्याचा तेवढा एक फायदा. गट दर महिन्याला बदलला पाहिजे, नाहीतर तो गट न राहता मुलाची जात होते.

आणि आकड्यांवर बक्षीस-शिक्षा लावली की आकडे बिघडतात. अटलांटा शहरात शाळांना गुणवाढीचं उद्दिष्ट दिलं होतं. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. कोणी उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त केल्या होत्या, कोणी परीक्षेतच उत्तरं सांगितली होती. आपल्याकडे २०२२-२३ पासून ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाची वेगवेगळी माहिती भरावी लागते. ती भरायला टीचरचे किती तास जातात ते कुठल्याही सरकारी शाळेत विचारा, आणि मग विचारा की त्यातलं परत तिच्याकडे काय आलं. पहिल्या प्रश्नाला लांबलचक उत्तर मिळेल. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांचे गुण टाकण्याची एक नवीन खोडही सुटली आहे. मुलाचे गुण त्याच्या घरी सांगावेत. सगळ्या वाड्याला कशाला?

शेवटी एक अडचण, जिच्यावर मावशी आणि तिच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांचा एकदा चांगलाच वाद झाला होता. मराठीच्या पेपरात कुत्र्याचं चित्र, खाली नाव लिहायचं. मुलाने सुवाच्य अक्षरात लिहिलं : सुणो. कोंकणीत कुत्र्याला तेच म्हणतात. साहेब म्हणाले, मराठीचा पेपर आहे, शून्य. मावशी म्हणाली, मी त्याला अक्षरं जोडून लिहिता येतं का ते बघत होते, आणि येतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. आपण नेमकं काय मोजतोय हे प्रश्न काढतानाच ठरलं नव्हतं. पेपरावर शून्य राहिलं. तिच्या स्वतःच्या वहीत मात्र लेखन आणि मराठी शब्द असे दोन रकाने आखले गेले, आणि त्या मुलाच्या नावापुढे पहिल्यात बरोबरची खूण, दुसऱ्यात पेन्सिलीने : ‘कुत्रा – सोमवारी विचारणे’.