शाळा सुटल्यावरचं मैदान: नागपुरात देखरेख कुठे सुटली?

शाळा सुटल्यावर मुलाला खेळायला पाठवायचं, पण कुणाच्या भरवशावर? महाल-इतवारीच्या जुन्या वस्तीत या प्रश्नाचं उत्तर मोहल्ल्यातच असायचं. आखाड्यातला वस्ताद घरच्यांच्या ओळखीचा. पोराला त्याने काय शिकवलं, किती दमवलं, हे रात्रीच्या जेवणाआधी घरी कळलेलं असायचं. या परंपरेला विदर्भात शिस्तीचं रूप आलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभ्या केलेल्या या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्या जुन्या व्यवस्थेत मुलींना फारशी जागा नव्हती, हे मात्र विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षण सरकारने हाती घेतलं. १९५३ ची राजकुमारी प्रशिक्षण योजना, मग १९६१ मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजेच एनआयएस. ‘सर एनआयएस केलेले आहेत’ हे वाक्य आजही पालकांना धीर देतं. पण शहरातल्या पिढ्या खऱ्या अर्थाने घडवल्या त्या शाळा-कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकांनी, घंटा झाल्यावरही मैदानावर थांबून. हिस्लॉप कॉलेजचे विजय बारसे त्यांच्यातलेच. २००१ मध्ये भर पावसात फुटकी बादली फुटबॉलसारखी लाथाडणारी मुलं त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलचं काम उभं राहिलं. तिथे आधी निवड आणि मग खेळ, असा उलटा हिशेब नव्हता. मला दर्जाची खरी कसोटी तीच वाटते.

नेमका हा थांबणारा शिक्षकच पुढे विरळ झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक केलं, पण शारीरिक शिक्षणासाठी सहावी ते आठवीच्या वर्गांना, तेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तरच, अंशकालीन निदेशक ठेवण्याची तरतूद केली. तासांवर मानधन घेणारा माणूस संध्याकाळी सातपर्यंत कशाला थांबेल? ती जागा खासगी अकॅडमी आणि टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताची भाड्याची मैदानं, यांनी भरली. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांनी या गर्दीला आणखी रेटा दिला. मग पालक सरांना विचारतात, ‘स्पर्धेला केव्हा नेता?’ गुडघा दुखत असताना मुलगा पळतोय का, हे विचारणारे कमीच.

कायद्याची नजर मात्र या अकॅडमींपर्यंत पोचलेली नाही. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातून खेळ, नृत्य, नाट्य स्पष्टपणे वगळले. म्हणजे नीट-जेईईच्या क्लासला नियम, आणि आठ वर्षांच्या मुलीला जलतरण शिकवणाऱ्याला त्यातला एकही लागू नाही. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी याबाबत जे आदेश दिले, तेही शाळांसाठी. शिक्षण विभाग शाळेचं पाहतो, खेळांच्या संघटना स्पर्धेचं. साडेपाच ते सातची बॅच या दोघांच्या मधल्या फटीत पडते.

ही फट मैदानावर डोळ्यांना दिसते. व्हॅनमधून उतरलेली पोरं कोपऱ्यात दप्तरं टाकतात, डबा अर्धाच खाल्लेला. दुसरीतला आणि नववीतला एकाच नेटमध्ये, लेदर बॉल दोघांनाही तोच, सर एकटेच आणि तेही मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात गुंतलेले. पाण्याचा कॅम्पर असतो, प्रथमोपचार पेटी मागितली तर शोधावी लागते. पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात उन्हाळी शिबिर सकाळी किती वाजता संपवायचं, हेही आयोजकच ठरवतात.

ही फट बुजेपर्यंत फी भरण्याआधी पालकांनीच विचारायला हवं: सरांची पोलिस पडताळणी झाली आहे का, एका प्रशिक्षकाकडे मुलं किती, वयानुसार बॅच वेगळ्या आहेत का, मुलींच्या बॅचला महिला प्रशिक्षक आणि कपडे बदलायला बंद खोली आहे का. आणि पहिला आठवडाभर बाकावर बसून सराव बघू द्यायला अकॅडमी नाही म्हणत असेल, तर फी भरू नये.