पट्टी म्हणजे दोरी नव्हे

"पट्टीवर पाय पडला की ओ, सिक्स द्या!" परवा खानापुरात टेनिस बॉलची मॅच संपल्यावर पोरं मोबाईलवर बेसबॉलची क्लिप बघत बसली होती, तिथं मैदानाच्या कडेची तांबूस पट्टी बघून पुन्हा हेच. बेळगावात ऐकलं, निपाणीत ऐकलं. आता एकदा लिहूनच टाकतो.

क्रिकेटच्या बाउंड्रीच्या दोरीचं सांगायला नको. टप्पा न पडलेला बॉल हातात असताना बूट दोरीला टेकला की सिक्स. 29 जून 2024 ला ब्रिजटाऊनमध्ये टी-20 वर्ल्ड कपच्या फायनलला सूर्यकुमारनं मिलरचा कॅच घेताना बॉल हवेत उडवला, स्वतः दोरीबाहेर जाऊन परत आत आला, तो त्यासाठीच.

बेसबॉलच्या मैदानाच्या कडेची तांबूस पट्टी, म्हणजे वॉर्निंग ट्रॅक, सीमा नाहीच. ती मैदानातच मोडते. तिच्यावर पाय ठेवून घेतलेला कॅच आऊट. तिच्यावर टप्पा पडला तरी बॉल चालूच, बॅटर पळत राहतो. निकाल लावते ती मागची भिंत. बॉल भिंतीवरून थेट गेला तर होम रन, म्हणजे आपल्या सिक्ससारखं; टप्पा खाऊन गेला तर बॅटरला दोन बेस, म्हणजे पळतानाचे दोन टप्पे. फिल्डरनं भिंतीपलीकडे हात घालून झेलला तरी आऊटच.

मग पट्टी कशाला? पायाला सांगायला. फिल्डर मान वर करून मागे पळतोय, डोळे बॉलवर, भिंत पाठीशी. बुटाखालची हिरवळ संपून माती खरखरली की त्याला न बघता कळतं, भिंत आली. अंधारात सारवलेल्या अंगणातून रस्त्यावर उतरलो की खडी तळपायालाच कळते, तसं. मेजर लीगमध्ये ही पट्टी साधारण 15 फूट रुंद असते, म्हणजे आवरायला दोन-तीन ढांगा. ब्रुकलिन डॉजर्सचा पीट रायझर कॅचमागे धावत भिंतींवर आदळत राहिला. 1947 मध्ये तर डोक्याला जबर मार बसला. पट्टी अशा खेळाडूंसाठी आहे, अंपायरसाठी नाही. म्हणून तिला 'बाउंड्री लाईन' म्हटलेलं मला खपत नाही. इशारापट्टी म्हणा.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये दोरीमागे किमान 3 यार्ड जागा मोकळी सोडतात. आपल्याकडे कित्येक मैदानांत फक्कीची रेघ कंपाउंडच्या भिंतीला चिकटून मारलेली असते. आमच्या टीममधल्या एका पोराचं कोपर अशाच भिंतीवर फुटलं. बॉल हातात होता, नजर वर होती. तिथं भिंतीच्या कडेनं मुरूम पसरायला काय हरकत आहे? खानापूरकडे तांबड्या मातीला तोटा नाही.