पॉइंट बत्तीस आपल्या वाट्याला कशी आली

नाशिक शहरात पोलीस आयुक्तालयातून किंवा ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून स्वसंरक्षणाचा परवाना हाती पडला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणते कॅलिबर, म्हणजे गोळीचे माप किंवा बोअर, घ्यायचे? इंटरनेटवर उत्तरांचा ढीग आहे. 9 एमएम चांगले की .45, .40 मागे का पडले, .357 मॅग्नमचा झटका झेपेल का. ही सगळी चर्चा अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी आहे. आपल्याकडच्या सामान्य परवानाधारकाला 9 एमएम मिळत नाही आणि .38 सुद्धा मिळत नाही. हातबंदुकीत त्याच्यासमोर मुख्यतः .32 आणि .22 हेच पर्याय उरतात. याचे कारण गोळीच्या ताकदीत शोधून सापडत नाही. ते सव्वाशे वर्षांच्या कायद्यात आहे.

आधी मोजमाप. .32 म्हणजे इंचाचे 32 शतांश, साधारण 8 मिमी. पण ही नावे शब्दशः घेऊ नयेत. .38 स्पेशलच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .357 इंच आहे. सुरुवातीच्या काडतुसांत गोळी आणि पुंगळी बाहेरून एकाच जाडीच्या असत. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसवायला लागले, गोळी बारीक झाली आणि नाव जुनेच राहिले.

धातूच्या काडतुसाची हातबंदूक खऱ्या अर्थाने रुजवली ती स्मिथ अँड वेसनने, 1857 मध्ये, .22 शॉर्टवर चालणाऱ्या छोट्या रिव्हॉल्व्हरने. आज जगभर सर्वाधिक झाडली जाणारी .22 लाँग रायफल 1887 ची. या काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. बुडाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, असलेली सेंटरफायर काडतुसे जास्त दाब सहन करतात. त्यातले .32 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) 1878 मध्ये आले आणि लांब पुंगळीचे .32 एस अँड डब्ल्यू लाँग 1896 मध्ये. त्या काळी ही गोळी कमकुवत मानली जात नव्हती. 1896 मध्येच, थिओडोर रूझवेल्ट पोलीस आयुक्त असताना, न्यू यॉर्क पोलिसांनी .32 बोअरची कोल्ट रिव्हॉल्व्हरे स्वीकारली होती.

दुसरी .32 वेगळ्या घराण्यातली आहे. जॉन ब्राउनिंग यांनी सपाट, खिशात मावणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलासाठी 7.65 मिमीचे काडतूस तयार केले. बेल्जियमच्या एफएन कारखान्याच्या 1900 च्या मॉडेलमधून ते बाजारात आले. अमेरिकेत त्यालाच .32 एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) म्हणतात. ब्राउनिंगच्या पिस्तुलांनी युरोप भरून गेला आणि त्यातली काही नाशिकपर्यंत पोहोचली. 1909 च्या सुरुवातीला क्रांतिकारकांसाठी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आली. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंगनेच. हुतात्म्याचे नाव मैदानाला दिलेल्या या शहरात पिस्तुलाच्या इतिहासाचा हा धागा लोकांना फारसा ठाऊक नाही, याचे वाईट वाटते.

आता कायद्याकडे. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली, युरोपियनांना मात्र सूट होती. पण कॅलिबरच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. सरकारला भीती होती ती लष्करी दारूगोळ्याची. छावणीतून चोरलेले काडतूस खासगी बंदुकीत चालता कामा नये, हे सूत्र. म्हणूनच 1907 च्या सुमारास हिंदुस्थानात .450 बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी आली, कारण मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळी .450 होती. इंग्लंडमधल्या बंदूक कारखानदारांनी शिकाऱ्यांचे गिऱ्हाईक राखण्यासाठी .465, .470, .475 अशी नवी मापे काढली. ताकद जवळपास तीच, फक्त लष्कराच्या मापाशी न जुळणारी.

हातबंदुकीत तेव्हा ब्रिटिश फौजेचे माप .455 वेब्ली होते, 1891 पासूनचे. देवळालीच्या छावणीतून ये-जा करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला तेच असे. पहिल्या महायुद्धानंतर घाईने भरती झालेल्यांना .455 चा झटका आवरत नाही हे लक्षात आले आणि .38 बोअरच्या हलक्या रिव्हॉल्व्हरचा मार्ग धरला गेला. सुरुवातीला त्याची गोळी 200 ग्रेनची, उघड्या शिशाची होती. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर 1899 च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली होती, आणि त्या वादाच्या मुळाशी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेली गोळी होती. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिशांनी .38 साठी 178 ग्रेनची, धातूच्या आवरणाची गोळी घेतली.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र कायदा आणि 1962 चे नियम आले. वर्णभेद गेला, लष्करी मापाचे सूत्र मात्र जसेच्या तसे राहिले. .380 (म्हणजे ब्रिटिश .38) आणि .455 ची कडा असलेली काडतुसे किंवा लष्करी 9 एमएम ज्या पिस्तुलात वा रिव्हॉल्व्हरमध्ये बसतात आणि उडतात, ते शस्त्र प्रतिबंधित वर्गात. दुकानदार आणि परवानाधारक यालाच पीबी (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात, उरलेले एनपीबी (नॉन-प्रोहिबिटेड बोअर). 2016 च्या नियमांतही हीच विभागणी टिकली. पीबीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो, आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात तो मागून मिळत नाही. 9 एमएम प्रतिबंधित आहे ते ती फार घातक आहे म्हणून नव्हे, तर ती फौजेची आणि पोलिसांची गोळी आहे म्हणून. गेऑर्ग लुगर यांनी 1902 च्या आसपास आपल्या 7.65 च्या बाटलीसारख्या पुंगळीचे तोंड रुंद करून ही गोळी बनवली. 1904 मध्ये जर्मन नौदलाने आणि 1908 मध्ये जर्मन सैन्याने ती घेतली. आपल्या सैन्याने ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाबरोबर ती घेतली आणि तेच पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनू लागले.

एनपीबीत उरलेली जागा .32 ने भरली. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .32 रिव्हॉल्व्हर मुळात वेब्लीच्या .38 मार्क फोरच्या आराखड्यावर बेतलेले आहे: मधून मोडून उघडणारे, सहा गोळ्यांचे, तीन इंची नळीचे. .38 साठी आखलेल्या सांगाड्यात .32 ची कमी ताकदीची गोळी असल्याने झटका अगदी कमी लागतो, पण आखूड नळीमुळे वेगही मार खातो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळजवळ बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती .32 ला अवाच्या सवा भाव आले. 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोच्या आसपासचे रिव्हॉल्व्हरही .32 चेच. गोळी येते खडकीहून. 1869 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कारखान्याची ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरे पुंगळीच्या बुडावर ठोकलेली दिसतात.

ताकदीची तुलना आकड्यांत केली की चित्र स्पष्ट होते. .22 लाँग रायफलची 40 ग्रेनची गोळी सेकंदाला 320 मीटर वेगाने गेली तर ऊर्जा सुमारे 130 जूल. .32 एस अँड डब्ल्यू लाँग, 98 ग्रेन आणि 215 मीटर, सुमारे 145 जूल. .32 एसीपी, 71 ग्रेन आणि 275 मीटर, सुमारे 175. 9 एमएम, 115 ग्रेन आणि 355 मीटर, सुमारे 470. .45 एसीपी, 230 ग्रेन आणि 255 मीटर, सुमारे 485. हे आकडे पूर्ण लांबीच्या नळीचे समजावेत.

9 एमएम आणि .45 यांचे अमेरिकन भांडण इथे थोडक्यात पुरे. फिलिपिन्सच्या लढाईत .38 अपुरी पडल्याच्या तक्रारी आल्या, 1904 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या थॉम्पसन आणि लागार्ड यांनी जनावरांवर आणि प्रेतांवर चाचण्या घेतल्या, आणि त्यातून .45 व 1911 चे कोल्ट आले. एप्रिल 1986 च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, त्यानंतर 10 एमएम आणि 1990 मध्ये .40 आली. पुढे गोळ्यांची घडण सुधारली आणि 2010 च्या दशकात एफबीआय पुन्हा 9 एमएमवर आली. आपल्या उपयोगाचा निष्कर्ष एवढाच, की हातबंदुकीच्या गोळीची भिस्त धक्क्यावर नसते. ती कुठे लागते आणि किती खोल जाते यावर सगळे ठरते. एफबीआयची अपेक्षा चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात 12 ते 18 इंच खोलीची आहे. .32 मध्ये पोकळ टोकाची गोळी घेतली तर एक तर ती उमलत नाही, किंवा उमलली तर खोल जात नाही. या कॅलिबरला गोल टोकाची साधी गोळीच योग्य.

आणि नेमक्या ज्या गुणामुळे .32 लाँग स्वसंरक्षणात उणी पडते, त्याच गुणाने ती नेमबाजीत राणी ठरली. 25 मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकारात 7.62 ते 9.65 मिमीचे कोणतेही कॅलिबर चालते, तरी जगभरचे बहुतेक नेमबाज .32 लाँग वॉडकटरच घेतात. वॉडकटर म्हणजे सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाशी बसवलेली गोळी. पंचिंग मशीनने पाडावे तसे कागदाला ती गोल, स्वच्छ भोक पाडते. अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्यावर 10 गुणांचे वर्तुळ 50 मिमीचे असते आणि भोकाची कड रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो. .22 च्या भोकाची त्रिज्या 2.8 मिमी, .32 ची सुमारे 4 मिमी. म्हणजे प्रत्येक गोळीला एक मिमीपेक्षा जास्त सवलत. त्याहून मोठी गोळी घेतली तर झटका वाढतो आणि तीन सेकंदांच्या जलद फेरीत हात परत जागेवर येत नाही. जसपाल राणा यांनी 2006 च्या दोहा एशियाडमध्ये 600 पैकी 590 गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात. महिलांचा 25 मीटर प्रकार .22 चा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवले ते त्यात. दोन्हींत चाप ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागावा असा नियम आहे. नाशिकमधल्या नवख्याने मात्र 4.5 मिमीच्या एअर पिस्तुलापासूनच सुरुवात करावी. 20 जूलच्या आतल्या अशा एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि चाप दाबण्याची शिस्त त्यावर जितकी पक्की होते तितकी जिवंत काडतुसावर होत नाही.

चुका होतात त्या बहुतेक दोन .32 मध्ये. परवान्यावर आणि दुकानाच्या पावतीवर नुसते ‘.32 बोअर’ लिहिलेले असते. एसीपीचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात सरकूनही बसते, पण त्याचा दाब 20,500 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जातो आणि लाँगची मर्यादा 15,000 आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर अशाने फुटू शकते. काडतूस घेताना बुडावरची अक्षरे वाचा. लाँगला स्पष्ट रुंद कडा असते, एसीपीची कडा जेमतेम नखाला लागते. तीच अर्धवट कडा पिस्तुलाच्या मॅगझिनमध्येही त्रास देते: वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली की पिस्तूल जाम होते. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागे दाबून, त्याची कडा खालच्याच्या पुढे राहील असे बसवावे.

चाप ओढल्यावर आवाज फुसका आला आणि हाताला झटका जाणवला नाही, तर तिथेच थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते, .32 लाँगसारख्या कमी दाबाच्या काडतुसात हे जास्त संभवते, आणि पुढची गोळी झाडली तर नळी फुगते. शस्त्र रिकामे करून नळीतून सळई आरपार जाते का ते पाहावे. मुळीच उडाली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून 30 सेकंद थांबावे, मगच उघडावे. .22 मध्ये हे जास्त घडते, कारण कडेत मसाला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. रिकामे .22 उगाच चालवूही नये, पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खड्डा पडतो.

पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात, काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नयेत. चामड्यातल्या टॅनिनमुळे पितळेवर हिरवा थर चढतो आणि काडतूस चेंबरमध्ये अडकते. मूळ खोक्यात, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावीत, खोक्यावर खरेदीचा महिना लिहावा आणि सरावाला सर्वांत जुने खोके आधी काढावे.