खुल्या समुद्रावर अमली पदार्थ पकडायचे कुणी? पार्श्वभूमी

दारूबंदीच्या काळात अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर दारूने भरलेली परदेशी जहाजे हद्दीबाहेर नांगर टाकून बसत. 1924 मध्ये ब्रिटनने करार करून सवलत दिली: किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरात असलेले ब्रिटिश जहाज अमेरिकनांनी तपासावे. ज्याचा झेंडा त्याची परवानगी, हे सूत्र तेव्हापासून फारसे हललेले नाही.

1982 च्या समुद्रकायदा करारातही ते कायम आहे. परक्या जहाजावर परवानगीविना चढता येईल अशी प्रकरणे कलम 110 मध्ये मोजून दिली आहेत: चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, बेकायदा रेडिओ प्रक्षेपण, राष्ट्रीयत्व नसलेले जहाज, आणि झेंडा परका दाखवणारे पण प्रत्यक्षात आपल्याच देशाचे जहाज. अमली पदार्थ त्यात नाहीत. कलम 108 फक्त सहकार्याची भाषा करते. म्हणजे समुद्रातून गाणी लावणाऱ्यावर कायदा जितका कडक, तितका टनभर हेरॉईन नेणाऱ्यावर नाही.

ही फट अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या 1988 च्या व्हिएन्ना करारातील कलम 17 ने बुजवायची होती. ज्याचा झेंडा त्या देशाकडे नोंदणीची खातरजमा मागायची, मग जहाजावर चढण्याची, झडती घेण्याची आणि माल सापडल्यास पुढील कारवाईची परवानगी मागायची. युरोपीय देशांनी 1995 च्या आपसातील करारात उत्तरासाठी शक्यतो चार तासांची मुदत घातली. अडचण येते ती लाकडी गलबतांबाबत. नोंद कुठल्या तरी बंदरातल्या वहीत असते किंवा नसतेच. ‘आमचेच आहे’ किंवा ‘आमचे नाही’ असे स्पष्ट उत्तर येत नाही.

म्हणून सगळा भार ‘राष्ट्रीयत्व नसलेले जहाज’ या संज्ञेवर आला, आणि खरा वाद इथेच आहे. 1946 मध्ये पॅलेस्टाईनकडे निर्वासित नेणाऱ्या ‘आस्या’ या जहाजावर आधी झेंडाच नव्हता. युद्धनौका दिसताच तुर्की झेंडा चढला, तपासणी पथक पोहोचल्यावर तो उतरून झायोनिस्ट (ज्यूंच्या स्वतंत्र देशाच्या चळवळीचा) झेंडा आला. अशा जहाजाला कुणाचेच संरक्षण नाही, असा निकाल 1948 मध्ये लंडनमध्ये लागला. या निकालाचा अमेरिकेने पुरेपूर फायदा घेतला. 1980 चा कायदा आणि 1986 मध्ये त्याची जागा घेणारा व्यापक कायदा यांतून राष्ट्रीयत्वहीन जहाजावरील कुणावरही, अमेरिकेशी काडीचा संबंध नसला तरी, खटला चालू लागला. नाखुद्याने देशाचे नाव सांगितले आणि त्या देशाने ते निःसंदिग्धपणे मान्य केले नाही, तरी जहाज राष्ट्रीयत्वहीन धरायचे. 2022 मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवले. पूर्णपीठापुढे फेरसुनावणी ठरली तेव्हा त्याच वर्षी तो निकाल मागे घेतला गेला, आणि 2023 मध्ये पूर्णपीठाने मूळ प्रश्नाला बगल देत शिक्षा कायम ठेवल्या.

इतर अनेक देशांचे म्हणणे वेगळे: कलम 110 जहाजावर चढू देते, शिक्षेचा अधिकार देत नाही, त्यासाठी गुन्ह्याचा आपल्याशी काही दुवा हवा. कराराचा मजकूर पाहता हीच बाजू जास्त टिकते. तिची किंमत अरबी समुद्रात दिसते. मकरानच्या (इराण-पाकिस्तानच्या) किनाऱ्यावरून निघालेला माल बहुराष्ट्रीय नौदल पथके पकडतात, नमुने ठेवून बाकीचा नष्ट करतात आणि खलाशांना बहुधा गलबतासह सोडून देतात.

भारताची अडचण जराशी निराळी. 1985 चा अमली पदार्थ कायदा देशाबाहेर दोघांनाच लागू होतो: भारतीय नागरिक, आणि भारतात नोंदलेल्या जहाजांवरील व विमानांतील माणसे. बातम्यांत सर्रास ‘भारतीय हद्दीत पकडले’ असे येते. पण खरी हद्द म्हणजे प्रादेशिक समुद्र 12 सागरी मैलांचा, त्यापुढे 200 मैलांपर्यंत हक्क मासे आणि खनिजांचे. 1981 च्या अधिसूचनेने त्या पट्ट्यात दंड संहिता लागू झाली, 1985 चा कायदा तेव्हा जन्मलाही नव्हता. म्हणून परदेशी खलाशांवर खटला उभा राहतो तो आयातीच्या प्रयत्नाचा किंवा कटाचा, आणि माल भारतातच यायचा होता हे दाखवावे लागते. सॅटेलाइट फोनमधील क्रमांक आणि जीपीएसमध्ये भरलेली ठिकाणे नाखुद्याने पुसायच्या आत हाती लागली तर ते जमते.

बचाव पक्षाचा पहिला हल्ला असतो जागेवर. पथक चढले तेव्हाचे अक्षांश-रेखांश हवेत, गलबत ओढून आणल्यानंतरचे नकोत. दोन्ही नोंदी एकाच पानावर, वेळेशिवाय असल्या की गोंधळ होतो. दुसरा हल्ला 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्यावर. प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो, पण वाटेत दुसरी मोहीम उरकली असेल तर ते तास कशात धरायचे, यावर वाद घातला जातो.