१६ वरून १७ वर: जुन्या स्पोर्ट बाइकचं चाक मोठं करण्यामागचा इतिहास

१९८० च्या दशकातली स्पोर्ट बाइक हौसेने चालवणाऱ्याला कधी ना कधी टायरवाल्याकडून ऐकावंच लागतं, की या मापात आता फारसं काही येत नाही. गाडीचं पुढचं चाक १६ इंची, काहींचं मागचंही १६ इंची, आणि आजचे चांगले रेडियल टायर जवळजवळ सगळे १७ इंचाचे. मग डोक्यात येतं, दुसऱ्या एखाद्या गाडीचं १७ इंची चाक बसवलं तर? बरेच लोक बसवतात, आणि चांगलं बसतं. पण १६ इंची चाक मुळात आलं का आणि १७ ने त्याची जागा का घेतली, हे माहीत असलं की नेमकं काय मोजायचं ते कळतं. नाहीतर सगळं लक्ष रिमच्या आकड्यावर राहतं, आणि या प्रकरणात सगळ्यात कमी सांगणारा आकडा तोच आहे.

आधी त्याच्या मागचा काळ. १९६९ ची होंडा सीबी ७५० आणि तिच्या पाठोपाठ आलेली कावासाकी झेड१ या दोन्ही गाड्यांना पुढे १९ इंची आणि मागे १८ इंची चाक होतं. टायर अरुंद आणि उंच, रिमला तारेचे आरे. तेव्हा चाकाचं माप बदलणं तसं सोपं होतं: हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तोच ठेवायचा, वेगळी रिम घ्यायची, त्या मापाचे आरे घेऊन चाक नव्याने विणायचं. ब्रेक, बेअरिंग, एक्सल सगळं जिथल्या तिथे राहायचं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओतीव अलॉय चाकं आली आणि ही सोय गेली. १९७६ च्या यामाहा आरडी ४०० वर ती होती, होंडाने १९७७ पासून पत्र्याच्या आऱ्यांची आपली कॉमस्टार चाकं आणली. आता रिम, आरे आणि हब मिळून एकच वस्तू. माप बदलायचं तर अख्खं चाक बदलायचं, आणि ते ज्या गाडीवरून आलं तिथलं बेअरिंग, डिस्कची जागा, स्प्रॉकेटची जागा सगळं सोबत येतं. आज या कामातली निम्मी डोकेदुखी तिथून सुरू होते.

१६ इंची चाक आलं ते शर्यतीतून. १९८० च्या सुमारास ५०० सीसी ग्रां प्रीमधल्या गाड्यांची ताकद खूप वाढली होती, टायर रुंद झाले होते आणि गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झटकन टाकणं अवघड होत होतं. फिरणारं चाक आपली दिशा सोडायला विरोध करतं, आणि वजन आसापासून जितकं दूर तितका हा विरोध जास्त. रिम लहान केली की तो कमी होतो. शिवाय बाहेरचा व्यास फार न घटवता टायरला जास्त उंची आणि रुंदी देता येते. होंडाचा शर्यतपटू फ्रेडी स्पेन्सरने १९८३ चं विजेतेपद जिंकलं तोवर पुढचं १६ इंची चाक शर्यतीत रुळलं होतं.

रस्त्यावरच्या गाड्यांनी ते लगेच उचललं. १९८२ ची होंडा व्हीटी २५०एफ, १९८३ ची सुझुकी आरजी २५० गॅमा, होंडा व्हीएफ ७५०एफ, १९८४ ची कावासाकी जीपीझेड ९००आर, १९८५ ची यामाहा एफझेड ७५०, या सगळ्यांना पुढे १६ इंची. काहींनी दोन्ही चाकं १६ इंची केली: कावासाकीच्या निन्जा २५० आणि ५०० वर्गातल्या गाड्या, बिमोटा डीबी१, डुकाटी पासो. सुझुकीने मात्र १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० ला दोन्हीकडे १८ इंची चाकं दिली. तिचा नमुना सहनशक्तीच्या लांब शर्यतींतल्या गाड्यांचा होता, आणि तिथे चपळाईपेक्षा वेगात सरळ, स्थिर धावणं जास्त मोलाचं.

१६ इंची चाकाचा एक दोष चालकांच्या लवकर लक्षात आला. वळणात गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक दाबला की ती उभी राहायला बघायची. झुकलेल्या गाडीत टायर रस्त्याला टेकतो ती जागा स्टिअरिंगच्या आसापासून बाजूला सरकलेली असते. ब्रेकचा जोर त्या जागेवर येतो आणि हँडल वळणाच्या आत फिरवतो, त्यामुळे गाडी सरळ होते. टायर जितका रुंद आणि गोल, तितकी ती जागा जास्त सरकते. लहान चाक हँडलला हलकं असल्याने हे आणखी जाणवायचं. चालवणारा तरबेज असेल तर सांभाळून घेतो, पण रोजच्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारावा लागतो तेव्हा हा स्वभाव त्रास देतो.

तरीही १६ इंची चाक मागे पडलं ते मुख्यतः या दोषामुळे नाही, असं माझं मत आहे. ते मागे पडलं रेडियल टायरमुळे.

मोटारींसाठी मिशलिनने रेडियल टायर १९४० च्या दशकातच आणला होता. मोटारसायकलला तो मिळायला आणखी साडेतीन दशकं गेली. जुन्या क्रॉस-प्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर आडवे जातात, त्यामुळे बाजूची भिंत ताठ असते. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पट्टा बसतो. टायर कमी तापतो, रस्त्याला चांगला बसतो, पण भिंत लवचिक होते. मोटार झुकत नाही, म्हणून तिथे हे चालून जातं. झुकलेल्या मोटारसायकलचा सगळा भार तिरपा येतो आणि उंच, लवचिक भिंत डोलायला लागते. यावर उपाय एकच होता, भिंत बुटकी करणं. रुंदीच्या ८० टक्के उंच भिंतीचे टायर ७० वर आले, मागचे ६० आणि नंतर ५५ वर. १९८४ मध्ये स्पेन्सरने ग्रां प्रीमध्ये मिशलिनचा रेडियल मागच्या चाकावर वापरला आणि त्याच वर्षी होंडा व्हीएफ १०००आर रेडियल टायर घेऊन रस्त्यावर आली.

आता हे गणित बघा, कारण सगळी गोष्ट यात आहे. जीपीझेड ९००आरचा पुढचा टायर १२०/८०-१६. रिम ४०६.४ मिलिमीटर, भिंत १२० च्या ८० टक्के म्हणजे ९६, वरखाली दोन भिंती मिळून १९२. एकूण व्यास ५९८.४. आता १२०/७०-१७ घ्या. रिम ४३१.८, भिंत ८४, दोन भिंती १६८, एकूण ५९९.८. फरक दीड मिलिमीटरचा सुद्धा नाही. म्हणजे १६ वरून १७ वर जाताना चाक वाढलंच नाही. भिंत बुटकी झाली, तेवढी जागा रिमने भरली आणि बाहेरचा घेर राहिला तसाच.

म्हणूनच १७ इंच हे माप इतक्या चटकन रुजलं. १९८७ च्या होंडा सीबीआर ६००एफला दोन्ही चाकं १७ इंची होती. १९८८ मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० चं १८ सोडून १७ धरलं. १९९० मध्ये कावासाकीने तर जुन्याच गाडीवर हा बदल करून दाखवला: जीपीझेड ९००आरच्या ए७ आवृत्तीला जाडा ४१ मिलिमीटरचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) आणि १७ इंची पुढचं चाक आलं, मागचं १८ इंची राहिलं. आधीच्या गाड्यांच्या मालकांना यातून तयार नमुना मिळाला. ए७ चा फोर्क, चाक आणि ब्रेक एकत्र काढून जुन्या फ्रेमला लावायचे. फ्रेम तीच असल्याने हिशेब कारखान्याने आधीच करून ठेवलेला. अशा कामात हा मार्ग मला सगळ्यात शहाणा वाटतो, आपल्याच गाडीच्या पुढच्या पिढीकडून चाक घेणं.

निन्जा २५० च्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी. तिची १६ इंची चाकं १९८०-९० ओलांडून थेट २००७ पर्यंत टिकली, १७ इंची चाकं २००८ च्या नव्या गाडीला आली. दरम्यान तिच्या मोठ्या बहिणीला, ईएक्स ५०० ला, १९९४ मध्येच १७ इंची मिळाली होती, म्हणून अनेक २५० वाले तिची चाकं शोधतात. जुने टायर पुढे १००/८०-१६ आणि मागे १३०/८०-१६, नवे ११०/७०-१७ आणि १३०/७०-१७. मागचा व्यास ६१४.४ वरून ६१३.८ झाला, म्हणजे काहीच बदललं नाही. पुढचा मात्र ५६६.४ वरून ५८५.८ झाला. त्रिज्येत जवळपास दहा मिलिमीटरची भर. गाडीचं नाक तेवढं वर उचललं जातं, फोर्कचा कल वाढतो आणि ट्रेलही, म्हणजे स्टिअरिंगचा आस जमिनीला जिथे मिळतो तिथपासून टायर टेकतो त्या जागेपर्यंतचं अंतर, वाढतो. २७ अंशांचा कल धरला तर नुसत्या मोठ्या त्रिज्येने ट्रेलमध्ये पाच मिलिमीटर आणि नाक उचलल्याने आणखी दोन-अडीच मिलिमीटर वाढ होते. गाडी सरळ रस्त्यावर शांत होते, पण वळणात आळसावते. यावरचा उपाय फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून दहा मिलिमीटर वर सरकवणं. कल परत मूळ जागी येतो, ट्रेलमधली थोडी वाढ तेवढी राहते, आणि ती बहुतेकांना आवडते.

नळ्या वर सरकवल्या की एक तपासणी टाळून चालत नाही. स्प्रिंग काढून, निदान फोर्क पूर्ण दाबून, टायर आणि मडगार्ड, टायर आणि रेडिएटर, मडगार्ड आणि फेअरिंगचं तोंड यांच्यात अंतर उरतं का ते बघायचं. गाडी स्टँडवर उभी असताना भरपूर मोकळी दिसणारी जागा जोरदार ब्रेकखाली उरत नाही. फिरणारा टायर आपल्या मापापेक्षा थोडा फुगतो, तेही धरायचं.

१९९२ च्या होंडा सीबीआर ९००आरआरने उलटी वाट धरली. सगळे १७ वर गेलेले असताना तादाओ बाबा यांच्या चमूने पुढे १६ इंची रिम ठेवली आणि १३०/७० टायर लावला. व्यास ५८८.४, म्हणजे १७ इंचीपेक्षा थोडा लहान, आणि चाक हँडलला हलकं. ते विचारपूर्वक केलेलं होतं आणि गाडीने ते सिद्धही केलं. २००० साली होंडाने तिलाही १७ इंची केलं. आता जुन्या ९००आरआरवाल्यांना १३०/७०-१६ मध्ये मोजकेच पर्याय मिळतात, म्हणून तिथेही चाकबदल चालतो. १२०/७०-१७ लावला तर नाक साडेपाच-सहा मिलिमीटर वर जातं, १२०/६०-१७ लावला तर सहा मिलिमीटर खाली. २४ अंशांच्या कलावर चालणाऱ्या गाडीला हा फरक जाणवतो, म्हणून इथेही फोर्कच्या नळ्या सरकवणं आलंच.

या सगळ्यात आकड्यांपेक्षा जास्त वेळ खातं ते लेथचं काम. दुसऱ्या चाकाचं बेअरिंग वेगळ्या व्यासाच्या एक्सलसाठी असतं. एक्सल बदलावा लागतो किंवा बेअरिंग तरी. चाक मधोमध यावं म्हणून दोन्हीकडचे स्पेसर नव्याने करून घ्यावे लागतात. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधे आली नाही तर एका बाजूचं पॅड झिजतं. मागे तर चेनची रेषा बघावी लागते: स्प्रॉकेट दोन मिलिमीटर बाहेर गेलं तरी चेन कुरकुरते आणि दात एका बाजूने खाल्ले जातात. जुनी रिम अरुंद म्हणून नवी रुंद घेतली की मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या आत टायर मावतो का, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. १६०/६०-१७ ला साडेचार इंच रुंदीची रिम लागते. त्यापेक्षा अरुंद रिमवर तो चढवला तर टायर चिमटला जातो, आकार टोकदार होतो आणि झुकताना कडेचा रबर वापरातच येत नाही.

जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल बहुतेकदा पुढच्या हबमधून निघते. चाकाचा घेर साडेतीन टक्क्यांनी वाढला, तर प्रत्यक्ष १०० च्या वेगाला काटा आधीपेक्षा साडेतीनने कमी दाखवतो. कारखान्यातून येणारे स्पीडोमीटर थोडं जास्तच दाखवतात, त्यामुळे हा बदल पुष्कळदा खऱ्या वेगाच्या जवळ नेतो. मात्र केबलचं गिअर नव्या हबमध्ये बसतंय का आणि त्याचं प्रमाण तेच आहे का, हे चाक विकत घेण्याआधीच बघितलेलं बरं.