इसार वेगळा, टोकन वेगळं

"टोकन म्हणजे इसारच की!" गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की आता नीट बसून लिहायचं ठरवलं. मोबाइलवर लॅब्राडॉरच्या पिल्लाचा नाहीतर पर्शियन मांजराचा फोटो दिसतो, घरातली पोरं हट्ट धरतात, व्हॉट्सअ‍ॅपवर चौकशी होते आणि समोरून उत्तर येतं, "हजार रुपये टोकन टाका, पिल्लू तुमच्यासाठी बाजूला ठेवतो." आपल्याकडचा माणूस जन्मभर इसार देत-घेत आलेला. त्याला ही रीत ओळखीची वाटते आणि तो बिनधास्त पैसे टाकतो. ज्याला व्यवहार कळतो तोच इथं फसतो, म्हणून मला जास्त वाईट वाटतं.

इसाराबद्दल सातारा-सांगलीच्या वाचकाला मी काय सांगणार? खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात तुम्ही तो दिलाय नाहीतर घेतलाय. खोंडाचे दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचं, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा आणि मग चार माणसांदेखत पाचशे-हजार हातावर टेकवायचे. बाकीचे पैसे जनावर सोडताना. घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला. देणारा फिरला तर त्यानं तो परत करायचा, शिवाय बाजारात त्याची पत जाते ती वेगळीच. जमिनीच्या व्यवहारात याचीच इसारपावती होते. एवढं पुरे.

आता माझ्या दाजींची गोष्ट. दाजी खानापूर तालुक्यातले, खिलार जनावराचे पक्के पारखी. एका खोंडासाठी सकाळपासून दुपारी तीनपर्यंत उन्हात उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलंय. डाव्या मागच्या पायात किंचित लचक दिसली, तर ठरत आलेला सौदा सोडून मोकळ्या हातानं घरी आले. या माणसानं माझ्या भाचीच्या वाढदिवसासाठी मोबाइलवर लॅब्राडॉर ठरवला, किंमत ९,००० रुपये. रविवारी रात्री १,००० टोकन गेलं. सोमवारी सकाळी निरोप आला, गाडी निघतेय, वाहतुकीचे २,५०० टाका, किमतीतून वजा करू. ते गेले. दुपारी पिंजऱ्याचं डिपॉझिट ४,८००, 'रिफंडेबल', ड्रायव्हर दारात परत देईल. तेही गेले. संध्याकाळी म्हणे कराडजवळ गाडी अडवलीय, जनावराचा विमा नाही, ६,५०० भरा नाहीतर पिल्लू जप्त होईल. भाची रडायला लागली, दाजींनी तेही भरले. ९,००० च्या पिल्लापायी १४,८०० गेले, आणि मंगळवारी तो नंबर बंद.

नंतर तो फोटो मी मोठा करून पाहिला. पिल्लू गोड होतं, गळ्यात लाल फीत, खाली चकचकीत फरशी. मागच्या भिंतीवर विजेचं सॉकेट दिसत होतं, गोल, खोलगट, दोन भोकांचं, युरोपातल्या घरांत असतं तसं. पुण्याहून निघालेल्या पिल्लाच्या मागे ते कुठून आलं? गूगल लेन्सवर फोटो टाकला, तर तोच फोटो आणखी कितीतरी जाहिरातींत सापडला.

आता मूळ फरक. इथं सावकाश वाचा, कारण बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकता कामा नये.

इसार दिला की तुमचं देणं कमी होतं. खोंड ४०,००० ला ठरला, १,००० इसार दिला, राहिले ३९,०००. त्यानंतर कुणी येऊन सांगत नाही की गळ्यातल्या दाव्याचं डिपॉझिट द्या, बाजूच्या टेम्पोचा विमा भरा. आकडा एकदाच ठरतो आणि तिथून फक्त खाली येतो. भामट्याचं टोकन दिलं की देणं वाढायला लागतं. दाजींचा हिशोब मांडून बघा. टोकननंतर राहायला हवे होते ८,०००. वाहतुकीनंतर ५,५००, कारण तेही 'किमतीतून वजा' होते. मग पिंजरा आला, तो किमतीच्या बाहेरचा. त्या दुपारी दाजींनी ९,००० पैकी ८,३०० दिले होते, पिल्लाचा एक केसही पाहिला नव्हता, आणि तरी समोरच्याच्या म्हणण्याप्रमाणे पिल्लाचे ५,५०० बाकीच होते. कागदावर चार आकडे एकाखाली एक लिहिले असते तरी कळलं असतं. पण हे पैसे मोजून द्यावे लागत नाहीत. बोटानं जातात, एकेक करून, दोन चहांच्या मध्ये.

'जाऊन जाऊन हजारच जातील ना' असं लोक म्हणतात, ही त्याच घोळाची दुसरी बाजू. इसारात तुमचा धोका खरंच इसाराएवढाच असतो. भामट्याला मात्र हजारात रस नसतो. हजार रुपयांनी त्याला एवढंच कळतं की हा माणूस न बघता पैसे टाकतो. ती चाळणी आहे. चाळणीतून जो खाली पडला, त्याच्याकडून मग खरी वसुली सुरू होते.

आणि इसाराचा जो चांगला गुण, तोच इथं गळफास होतो. इसार बुडेल या भीतीनं माणूस शब्दाला जागतो, सौदा मोडत नाही. व्यवहार टिकावा म्हणूनच ती रीत पडली. तीच भीती हे लोक वापरतात: 'आत्ता थांबलात तर आधीचे जातील.' हजार वाचवायला अडीच हजार, ते वाचवायला पावणेपाच हजार. दाजींना नंतर विचारलं, पिंजऱ्याच्या वेळी शंका आली नाही का? म्हणाले, "आली की. पण साडेतीन हजार अडकलेले, सोडून कसं द्यायचं?" आधीचे पैसे पहिल्याच दिवशी गेलेले असतात. ते कुठं अडकलेले नसतात.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी कुणासाठी सैल करत नाही. टोकन दिल्यावर ठरलेल्या किमतीच्या बाहेरचा एक रुपया मागितला, की तिथंच थांबायचं. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. 'रिफंडेबल' हा शब्द तर मला आता ऐकवतच नाही. परत द्यायचेच आहेत तर घेतोस कशाला?

दुसरा फरक क्रमाचा, तो तुम्हाला माहीतच आहे: इसारात आधी जनावर, मग पैसा. 'अहो, व्हिडिओ पाठवलाय की' असं सांगणारे भेटतात. पाठवलेला व्हिडिओ कुणाचाही असू शकतो. चालू कॉलवर सांगा, पिल्लाचा डावा पुढचा पाय उचला, त्याला आईपाशी न्या, पाण्याची वाटी समोर ठेवा. ज्याच्याकडे पिल्लू आहे तो दोन मिनिटांत दाखवेल. नेटवर्क नाही, मी बाहेर आहे, पिल्लू झोपलंय, असं सुरू झालं की समजा पिल्लूच नाही. तरीही माझं ठाम मत, व्हिडिओवर भागवू नका. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल एवढ्याच अंतरावरचं पिल्लू घ्या. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, बेळगाव एवढा टापू कुणालाही पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. नीट पैदास करणारे लोकही टोकन घेतात, आणि त्यात गैर काही नाही. कुत्री व्याल्यावर पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत देता येत नाहीत, २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांतही तेच आहे. त्या काळात कुणाला कुठलं पिल्लू हे ठरवायला पैसे घ्यावेच लागतात. ते टोकन मात्र तंतोतंत इसारासारखं असतं. तो तुम्हाला घरी बोलावतो, आई दाखवतो, पावती देतो, पिल्लाला काही झालं तर पैसे परत करायचे की पुढच्या वेताचं पिल्लू द्यायचं हे आधीच बोलतो, आणि बाकी पैसे पिल्लू उचलताना घेतो. नाव टोकन असलं तरी वागणूक इसाराची. नावावर जाऊ नका.

'पण केसीआयचे पेपर आहेत ना' हा आणखी एक धोशा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद कुत्र्याची वंशावळ सांगतो. तो फोटो पाठवणाऱ्याच्या हातात ते कुत्रं आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची नोंदणी ही वेगळीच गोष्ट, ती माणसाची असते. कागद आणि कुत्रं यांना जोडणारा दुवा म्हणजे कातडीखालची १५ अंकी मायक्रोचिप, आपल्या गायी-म्हशींच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यासारखी. समोर स्कॅनर लावून आकडा जुळवलात तर कागदाला अर्थ. लसीच्या पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा, नुसत्या निळ्या शाईच्या सहीवर विश्वास ठेवू नका. आणि तुमची दात बघायची सवय इथंही कामाला येते. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात आलेले असतात. 'दोन महिन्यांचं' म्हणून दिलेल्या पिल्लाच्या तोंडात निम्मेच दात दिसले, तर ते वेळेआधी आईपासून तोडलंय.

आपल्या भागाला खास लागू पडणारी एक युक्ती आहे, तिचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. समोरचा सांगतो, 'मी फौजी आहे, बदली झाली, कुत्रं सोबत नेता येत नाही', आणि वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचं कार्ड पाठवतो. साताऱ्यात एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे, आपशिंगे. घरटी कुणी ना कुणी सैन्यात गेलेला हा जिल्हा. वर्दी बघितली की आपला हात आपोआप सैल होतो, आणि तो सैल व्हावा म्हणूनच ती वर्दी वापरतात. खरा जवान अनोळखी माणसाला आपलं ओळखपत्र पाठवत नाही. दाजींनाही असाच 'पुण्यात पोस्टिंग' असलेला भेटला होता.

किरकोळ गोष्टी भराभर. 'फुकट दत्तक, फक्त वाहतूक द्या' हेही टोकनच, फक्त किंमत शून्य दाखवलेली. सांगली-साताऱ्यात प्रवासी विमान उतरत नाही, तेव्हा 'विमानतळावरून बोलतोय' म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा. 'पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हणालं तर लक्षात घ्या, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, येणाऱ्या पैशाला कधीच लागत नाही. देशी पोपट आणि तारा कासव यांची विक्री तर १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं गुन्हाच आहे. तिथं फसलेला माणूस तक्रार करायलाही कचरतो, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नका. दाजींनी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही, बहिणीलासुद्धा. ते तीन दिवस फार महागात पडले. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर १९३०, त्यावर ताबडतोब फोन करा. व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो, तो पुढं जाण्याआधी बँकेला रोखता आला तरच काही हाती लागतं, म्हणून पहिले काही तास मोलाचे. चॅट पुसू नका. आणि 'तुमचे पैसे काढून देतो, फी भरा' म्हणत नंतर जो फोन येतो, तो त्याच टोळीतला समजा.

दिवाळीनंतर दाजी तासगावकडच्या एका घरी जाऊन आले, मी सोबत होतो. पिल्लाची आई अंगणात पडवीखाली पडलेली, आम्हाला बघून उठून आली. दाजींनी पिल्लाचा ओठ वर करून दात पाहिले, फरशीवर सोडून चालवून पाहिलं, मागचे दोन्ही पाय हातानं ताणून पाहिले. ८,००० ठरले. पाचशे रुपये हातावर ठेवले आणि शाळेच्या वहीच्या पानावर दोघांच्या सह्यांची पावती करून घेतली. त्यावर दाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलं: बाकी ७,५००, पिल्लू उचलताना.