पाठीवरचा कब्जा आणि मनगटांची झुंज

प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जाऊन कब्जा घेतला की अर्धी कुस्ती हातात येते, हे विदर्भातल्या कोणत्याही खेड्यातल्या आखाड्यात वेगळे सांगावे लागत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सू या खेळातही पाठीवरच्या कब्जाला सर्वांत वरचे स्थान आहे. मित्सुयो माएदा हे जपानी ज्युडोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि पुढे ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झुंजीवर भर देत हा खेळ घडवला. त्याच १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली होती. म्हणजे शरीर कमावण्याची आणि डाव समजून घेण्याची आपल्या भागातली परंपराही तेवढीच जुनी आहे. आज वावरातले काम आटोपून आखाड्यात येणारी मुले मोबाइलवर या खेळाच्या लढती पाहतात आणि त्यातली पकड एकमेकांवर करून पाहतात. मात्र व्हिडिओत ठळक दिसतो तो गळ्याभोवतीचा शेवटचा विळखा, आणि त्याआधी मनगटांची जी बारीक ओढाताण चालते, जिच्यात खरा निकाल लागतो, ती नजरेतून सुटते.

आधी रचना पाहू. मागचा खेळाडू समोरच्याच्या पाठीला छाती चिकटवतो आणि दोन्ही पाय त्याच्या मांड्यांच्या आतून अडकवतो. कुस्तीतल्या सवारीशी हे बरेच जुळते. त्याचा एक हात समोरच्याच्या खांद्यावरून आणि दुसरा काखेखालून येतो, आणि दोन्ही हात छातीवर एकमेकांत गुंततात. या पकडीला सीटबेल्ट म्हणतात. स्पर्धेत ही स्थिती ३ सेकंद टिकवली की ४ गुण मिळतात. खांद्यावरून आलेला हात हा गळ्याचा हात, काखेखालचा हात हा त्याचा मदतनीस. गळ्याचा हात हनुवटीखालून सरकत पलीकडे गेला, त्याने आपल्याच दुसऱ्या दंडाचा आधार घेतला आणि मदतनीस हात डोक्यामागे जाऊन बसला की विळखा पूर्ण होतो.

या विळख्यात श्वास कोंडतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नीट बसलेला विळखा श्वासनलिकेला फारसा धक्का न लावता मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रोहिण्या दाबतो, कारण कोपराचा कोन बरोबर हनुवटीखाली येतो आणि दंड व कोपराखालचा हात दोन बाजूंनी दाब देतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकट्या मेंदूला लागतो, आणि त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. रॉसेन, कबाट आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मानेभोवती फुगवलेल्या पट्ट्याने मेंदूचा रक्तप्रवाह अचानक थांबवला, तेव्हा निरोगी तरुणांची शुद्ध सरासरी सुमारे ७ सेकंदांत हरपली. विळखा बसल्यावर विचार करायला वेळ उरत नाही, म्हणून बचाव त्याआधी, हातांवरच करावा लागतो.

बचावाचा पहिला नियम साध्या बेरजेचा आहे: गळ्याच्या एका हातावर आपले दोन हात. येथे तरफेचे शास्त्र मदतीला येते. वाकवलेल्या कोपराला दंडाचा स्नायू सांध्यापासून सुमारे ४ ते ५ सेंटिमीटरवर ओढतो, तर मनगट त्याच सांध्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर दूर असते. त्यामुळे मनगटावर १० किलो वजनाएवढी ओढ दिली, तर कोपर वाकलेले ठेवण्यासाठी मागच्याच्या स्नायूंना साधारण ५० ते ६० किलोएवढा जोर लावावा लागतो. हीच ओढ कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर दिली तर तिचा परिणाम निम्मा होतो. म्हणून अनुभवी बचावपटू मनगटच धरतो, आपली कोपरे बरगड्यांना चिकटवतो आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंच्या बळावर ते मनगट छातीकडे खाली ओढतो. हात लांब करून डोक्याच्या वर झुंजणारा केवळ खांद्याच्या लहान स्नायूंवर विसंबतो आणि लवकर थकतो.

पकड सोडवण्याचे मर्म मनगटाच्या कोनात आहे. बोटे मिटणारे स्नायू तळहातात नसून मुख्यतः कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांकडे जातात. मनगट किंचित मागे झुकलेले असताना हे स्नायू योग्य लांबीवर असतात आणि मूठ सर्वांत घट्ट बसते. मनगट आतल्या बाजूला दुमडले की ते आधीच आखूड होतात, शिवाय हाताच्या मागच्या बाजूच्या दोऱ्या ताणल्या जाऊन बोटे उघडू पाहतात, आणि मुठीची ताकद लक्षणीय घटते. कोणीही आपले मनगट पूर्ण दुमडून मूठ आवळून पाहावी. अंगठा आणि बोटांची टोके जिथे भेटतात ती फट हा पकडीचा दुसरा कच्चा दुवा असतो, म्हणून धरलेला हात त्या फटीच्या दिशेने फिरवून काढतात.

मागचा खेळाडू ही बेरीज उलटवण्याच्या प्रयत्नात असतो. न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेले प्रशिक्षक जॉन डॅनाहर यांनी त्यासाठी एक पद्धत पक्की बांधली: काखेखालच्या हाताने बचावपटूचे एक मनगट धरायचे, ते खाली ढकलायचे आणि आपला पाय त्याच्यावरून टाकून तो हात पायाखाली डांबायचा. आता मागच्याचे दोन हात मोकळे आणि पुढच्याचा एकच. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते, कारण हाताला हाताने हरवता येत नसेल तर कितीतरी अधिक बलवान असलेला पाय कामाला लावावा, एवढा सरळ विचार तिच्यामागे आहे. बचावपटूने म्हणूनच आपले मनगट पहिल्यांदा धरले जाते त्याच क्षणी ते सोडवायला हवे. हात मांडीपाशी गेल्यावर उशीर झालेला असतो.

ताकद संपूर्ण लावून भागत नाही, याचेही शारीरिक कारण आहे. आवळलेला स्नायू आपल्याच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो. रोमर्ट या जर्मन संशोधकाने १९६० साली दाखवल्याप्रमाणे पूर्ण ताकदीची स्थिर पकड काही सेकंदच टिकते, निम्म्या ताकदीची सुमारे एक मिनिट. पाणी भरलेली कळशी विहिरीवरून घरी आणताना बोटे आपोआप उघडू लागतात, तोच हा प्रकार. म्हणून जाणते खेळाडू पकड सतत बदलतात, क्षणभर ढील देतात आणि समोरचा हलला की पुन्हा घट्ट धरतात. हा हलण्याचा सुगावा डोळ्यांपेक्षा कातडीला लवकर लागतो, आणि पुढच्याला मागचे हात दिसतही नाहीत. त्यामुळे खडाखडीत, म्हणजे कुस्तीतल्या उभ्याने चालणाऱ्या हातांच्या झटापटीत, तयार झालेला स्पर्शाचा अंदाज येथे उपयोगी पडतो.

एक सवय मात्र आपल्या पैलवानांना बदलावी लागते. चीत होऊ नये म्हणून कुस्तीत खालचा पैलवान पोटावर पसरतो आणि खांदे मातीपासून दूर ठेवतो. जिउ-जित्सूमध्ये पायांचे हुक अडकलेले असताना पोटावर सपाट होणे सर्वांत धोक्याचे, कारण हात अंगाखाली सापडतात आणि वरच्याचे सगळे वजन मानेच्या कामी येते. तेथे सुटकेचा मार्ग आपलेच दोन्ही खांदे जमिनीला टेकवण्यात आहे: गळ्याचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवत मदतनीस हाताच्या बाजूला कलायचे आणि पाठ हळूहळू जमिनीवर आणायची, म्हणजे मागच्याला मागे राहायला जागाच उरत नाही. अनेक वर्षे मुरलेली प्रतिक्षिप्त हालचाल उलटी शिकणे कठीण असते. तिचा सराव संथ गतीने, विळखा न आवळता, केवळ हातांपुरता करावा.

गावात शिकवणारा नसताना आणि दवाखाना तालुक्याच्या ठिकाणी असताना विळख्याचा सराव जाणत्या माणसाच्या नजरेखालीच व्हावा, असे मी आग्रहाने सांगेन. मानेच्या रोहिणीच्या आतल्या अस्तराला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. शुद्ध हरपलेल्याला लगेच सोडून उताणे झोपवावे. रक्तप्रवाह सुरू झाला की बहुधा काही सेकंदांत तो भानावर येतो, आणि तसे झाले नाही किंवा बोलणे अडखळले, हात-पाय लुळे वाटले, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. हार मान्य करण्यासाठी हाताने थोपटणे ही या खेळाची रीत आहे, पण ज्याचा एक हात पायाखाली डांबला आहे आणि दुसरा मनगटाच्या झुंजीत गुंतला आहे, त्याने पायाने जमीन थोपटली किंवा तोंडाने ‘सोड’ म्हटले तरी ते तितकेच ग्राह्य असते, आणि मागच्याने त्याच क्षणी दोन्ही हात उघडायचे असतात.